एक्सक्लिपने कॉपी केलेलं कंट्रोल-व्हीने उमटेना, तेव्हा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्याचा सौद्यांचा हिशेब मी लिनक्सवर ठेवतो. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ऑक या ओळी-रकाने वाचणाऱ्या कमांडने प्रत्येक शेतकऱ्याची बेरीज निघते, मग ती ब्राउझरमधल्या व्हॉट्सॲपवर टाकायची. तीस-चाळीस ओळी माउसने ओढून निवडताना एखादी सुटतेच, आणि सुटलेली ओळ म्हणजे कुणाच्या तरी घामाचे पैसे.

म्हणून एक्सक्लिप घेतलं; कमांडचं उत्तर माउसशिवाय थेट कॉपी करणारं छोटं साधन. कमांडपुढे पाइप लावून तिचं उत्तर एक्सक्लिपमध्ये सोडलं, ब्राउझरमध्ये कंट्रोल-व्ही दाबलं, तर सकाळचाच जुना मजकूर! तासभर मी फाइल तपासत राहिलो. मग माउसचं मधलं बटण दाबलं गेलं आणि अख्खी यादी धडाधड उमटली.

एक्स११ मध्ये, म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेत, कॉपीचे कप्पे वेगळे असतात. माउसने नुसतं निवडलेलं 'प्रायमरी'त जातं आणि मधल्या बटणाने उमटतं; कंट्रोल-सी केलेलं 'क्लिपबोर्ड'मध्ये जातं आणि कंट्रोल-व्हीने उमटतं. काही सांगितलं नाही तर एक्सक्लिप प्रायमरीच धरतं. 'एक्सक्लिप -सिलेक्शन क्लिपबोर्ड' असं लिहिलं आणि काम फत्ते झालं. रोज एवढं कोण टाइप करणार, म्हणून बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनलच्या सेटिंगच्या फाइलीत, त्याचं दोन अक्षरी टोपणनाव (एलियस) करून ठेवलंय.

व्यापाऱ्याच्या गादीवरच्या नव्या मशीनवर एक्स११ ऐवजी वेलँड ही नवी यंत्रणा आहे. तिथे एक्सक्लिपच्या जागी डब्ल्यूएल-कॉपी वापरतो, ते आपणहून क्लिपबोर्डमध्येच टाकतं.

एक जपा: कॉपी केलेली कमांड टर्मिनलमध्ये पेस्ट करायची असेल तर शेवटची नवी ओळ काढून टाका. नाहीतर काही टर्मिनलमध्ये एंटर न दाबताच ती चालू होते. एक्सक्लिपला त्यासाठी '-आरएमलास्टएनएल' आहे, डब्ल्यूएल-कॉपीला '-एन'.