स्पीड टेस्ट उत्तम, तरी व्हिडिओ कॉल अडकतो? या चुका टाळा

घरात कुणी फोटोंचा बॅकअप लावला की दुसऱ्या खोलीतला व्हिडिओ कॉल तुटायला लागतो. अशा वेळी बहुतेकजण थेट महागडा प्लॅन घेतात. थांबा, आधी मोजा. लॅपटॉपला लॅन केबल जोडा (वायफायची गडबड वेगळी असते), पिंग (छोटा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि मोठी फाइल अपलोड करा. एरवी २० मिलिसेकंदांचा पिंग ३००-४०० वर गेला, तर पॅकेट्स, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, मॉडेमच्या किंवा राउटरच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) तुंबताहेत. याला बफरब्लोट म्हणतात.

पॅकेट गळालं म्हणजे बिघाड, ही समजूत सोडा. इंटरनेटवर डेटा पोचवण्याची जी नियमावली, टीसीपी, तिच्या बहुतेक प्रकारांना वाट भरल्याचं गळतीवरूनच कळतं, मग ते वेग कमी करतात. हे शहाणपण महागात पडून आलंय. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात, जेमतेम ४०० यार्डांच्या अंतरात, वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. त्याच लॅबमधले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्याचा छडा लावला आणि १९८८ च्या निबंधात टीसीपीने वेग कसा आवरावा ते मांडलं.

बफर फार मोठा असला की गळती उशिरा होते, म्हणून इशाराही उशिरा पोचतो. हिशोब करून पाहा: अपलोड १० एमबीपीएस आणि बफर १ एमबी (म्हणजे ८ मेगाबिट) असेल, तर तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतो. तुमचा आवाज तेवढा वेळ त्याच रांगेत.

राउटरमध्ये एसक्यूएमची (रांग आटोक्यात ठेवणारी) सोय असेल तर ती चालू करा आणि तिथे एफक्यू-कोडेल किंवा केक यांपैकी एक पद्धत निवडा. एफक्यू-कोडेलच्या गाभ्याशी असलेलं कोडेल रांगेची लांबी मोजत नाही. पॅकेट किती वेळ ताटकळलं ते बघतं. ही ताटकळ ५ मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिली की पॅकेट टाकायला लागतं.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे वेगाच्या रकान्यात प्लॅनचा पूर्ण आकडा भरणं. मग रांग पुन्हा मॉडेममध्येच लागते आणि तुमच्या राउटरच्या हातात काही उरत नाही. मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्के भरा. प्लॅन बदलला की हा आकडाही बदला. राउटरचा प्रोसेसर दमत असेल तर एसक्यूएम फक्त अपलोडला लावा. घरच्या लाइनवर बहुधा तेवढ्याने भागतं.

घरात काहीच चालू नसताना रोज संध्याकाळी पिंग चढत असेल, तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. वेळेसकट आकडे लिहून ठेवा आणि तक्रारीला जोडा.