कोकणच्या खाडीत कालवं वाढवायचीत? मग बांबूच्या आधी पाणी बघा

कालवांना (म्हणजे ऑयस्टरना) खाद्य घालायला लागत नाही, खत नाही, औषध नाही, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की चार बांबू रोवले, दोऱ्या लटकवल्या की झालं. पण खाद्य घालत नाही म्हणजेच ती जे खातात ते सगळं खाडीच्या पाण्यातनं येतं, शैवाल पण आणि गटाराची घाण पण. त्यामुळे मंडळी, जागा चुकली तर पुढची कितीही मेहनत वाया जाते.

जागा बघायला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जा, ओहोटी पूर्ण लागली की. तेव्हाही तिथे मीटर-दीड मीटर पाणी राहत असेल, प्रवाह अगदी जोराचा नसेल आणि आजूबाजूच्या कातळावर, जेटीच्या खांबांवर आपोआप आलेली कालवं दिसत असतील तर जागा बरी समजायची. वरच्या अंगाला वस्तीचा नाला किंवा मच्छी मार्केटचं पाणी येत असेल तर सरळ दुसरी जागा बघा. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, ग्रुपने मिळून एक घ्या, वाढीच्या महिन्यांत आकडा 20 ते 35 पीपीटीत (हजार भाग पाण्यात इतके भाग मीठ) राहिला पाहिजे. मत्स्य विभाग, मेरीटाइम बोर्ड यांची परवानगी आधी काढा, कांदळवनाला हात लावू नका, आणि त्या जागी जाळी टाकणाऱ्यांशी, ज्यांच्या होडीची वाट तिथनं जाते त्यांच्याशी अगोदरच बोलून घ्या, नंतर भांडणं होतात ती यावरूनच.

आता रॅकचं. 5 बाय 5 मीटरच्या बांबूच्या मांडवावर साधारण 100 माळा बसतात. एका माळेत नायलॉनच्या दोरीला 5-6 रिकामे शिंपले, भोक पाडून, 15-20 सेंटिमीटर अंतरावर. शिंपले घासून धुतलेले आणि उन्हात चांगले वाळवलेले हवेत. माळेचं खालचं टोक चिखलाला टेकू देऊ नका, टेकलं की खेकडे वर चढतात आणि पिल्लांवर गाळ बसतो.

सगळ्यात नाजूक काम बी, म्हणजे कालवाची बारीक पिल्लं, धरायचं. आपल्या भागात जवळपास सगळा भरवसा निसर्गाच्या बियावर, त्यामुळे पाऊस संपून पाणी परत खारं झालं की दोन-चार शिंपले लटकवून ठेवायचे आणि दर आठवड्याला काढून नीट बघायचे. कालवाचं पिल्लू चपटं, मसुरीच्या डाळीसारखं शिंपल्याला चिकटून बसतं, बार्नॅकल (कातळाला, होडीला चिकटणारा कवचाचा बारीक जीव) मात्र शंकूसारखा उभा आणि बोटाला खरखरीत लागतो. चपटी पिल्लं दिसायला लागली की मगच सगळ्या माळा पाण्यात सोडा. घाई करून आधी सोडल्या तर गाळ आणि बार्नॅकल जागा अडवून बसतात आणि पिल्लांना चिकटायला कोरी जागाच उरत नाही.

नंतर दर पंधरवड्याला माळा हलवून गाळ झाडायचा, कालवाला भोक पाडून खाणारे शंख वेचून काढायचे, सैल झालेले बांबू बांधायचे. सात-आठ महिन्यांत 6-8 सेंटिमीटरचा माल होतो. काढणी मे महिन्यातच उरका, पावसाचं गोडं पाणी आलं की कालव तोंड मिटून काही दिवस तग धरतं, पण गोडं पाणी हटलंच नाही तर आख्खा रॅक मरतो.

हिशोब करताना शिंपल्यासकटच्या वजनावर जाऊ नका, 100 किलोतनं मांस निघतं फार तर 8-10 किलो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत (2020 पासून) शिंपलावर्गीय शेती बसते, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के, बाकीच्यांना 40 टक्के अनुदान. बचत गटांनी जरूर विचारावं, कारण कातळावरची कालवं फोडायचं कष्टाचं काम पिढ्यानपिढ्या बायकाच करत आल्यात.

विकायच्या आधी माल दिवसभर स्वच्छ, गाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवायचा, मधे एकदा पाणी बदलायचं. याने जिवाणू बरेच कमी होतात, पण शिसं-पारा किंवा विषारी शैवालाचं विष याने जात नाही, म्हणून जागेचा विषय मी पहिला घेतला. पाण्याचा आणि मांसाचा नमुना लॅबमध्ये देत चला, हॉटेलवाले रिपोर्ट मागतातच. आणि गिऱ्हाईकाला नीट शिजवूनच खायला सांगा.

पुढच्या काळाची खरी काळजी बियाची आहे. 2007 च्या सुमारास अमेरिकेत ओरेगॉनच्या व्हिस्की क्रीक हॅचरीत (बी तयार करायच्या केंद्रात) कालवांच्या अळ्या ढिगाने मेल्या, कारण निघालं समुद्राचं आम्लतेकडे झुकलेलं पाणी. त्यांनी पाणी मोजून, सुधारून मार्ग काढला, आपल्या उघड्या खाडीत तशी सोय नाही. (कालवं कार्बन शोषतात म्हणून पर्यावरणाला चांगली, असं काही जण सांगतात, ते मला पटत नाही, शिंपला तयार होताना कार्बन डायऑक्साइड पाण्यात सुटतोच. पाणी गाळतात, खाद्य लागत नाही, एवढं कौतुक पुरे आहे.) आपल्या हातात आहे ते करूया: कातळावरची मोठी कालवं सगळी फोडू नका, तीच बी सोडतात. तुटलेल्या नायलॉनच्या दोऱ्या खाडीत टाकू नका. आणि रिकामे शिंपले चुन्याच्या भट्टीवाल्याला सगळेच्या सगळे देऊ नका, पुढच्या माळांपुरते धुऊन, वाळवून पोत्यात भरा, उरलेले कातळाच्या कडेला परत टाका, नवीन पिल्लं त्याच्यावरच बसतात. मांडवाचे बांबूही पावसाआधी काढून, वाळवून पडवीत ठेवले तर त्यातले निम्मे तरी दुसऱ्या हंगामाला चालून जातात.