मोठ्या विमानाला पेट्रोल इंजिन घेताय? सीसी सगळ्यात शेवटी बघा

"५५ सीसी घेऊ का?" रिमोटवर उडवायच्या मोठ्या मॉडेल विमानाच्या पेट्रोल इंजिनाबद्दलचा हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो आणि दर वेळी मी उलटा विचारतो, की विमान कुठलं आणि त्याचं नाक केवढं? की समोरचा गप्प. कारण विमान ठरलेलंच नसतं, कुठेतरी व्हिडिओ बघितलेला असतो, आवाज आवडलेला असतो, आणि इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून हात शिवशिवत असतात. घोडा नाही आणि खोगीर घेऊन ठेवायचं तसला प्रकार. तर हे सगळं एकदा नीट लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं हेच पाठवता येईल.

पहिली गोष्ट वजन. खोक्यावर छापलेलं नाही, उडायला तयार विमानाचं वजन, म्हणजे सर्व्हो (शेपटी-पंखांचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरा), बॅटऱ्या, टाकी, मफलर, रंग सगळं धरून. आणि त्या वजनाचं तुम्ही हवेत काय करणार आहात ते. पंख किती इंची आहेत यावरून इंजिन ठरवणारे लोक हमखास फसतात. पायपर जे-३ कब घ्या. खऱ्या कबचे पंख ३५ फूट ३ इंच, म्हणजे पाव स्केलचं मॉडेल जवळजवळ १०६ इंचाचं होतं. धूड असतं, पंख काढल्याशिवाय गाडीत जात नाही, बघणाऱ्याला वाटतं याला शंभर सीसी तरी लागत असणार. प्रत्यक्षात ते २० सीसीवर मजेत उडतं, ३० लावलं तर मागे छोटा ग्लायडर ओढायला पण जोर उरतो. खऱ्या जे-३ लाच सुरुवातीला ४० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं, मग ६५ आलं, त्याला मॉडेलमध्ये रॉकेट करून काय मिळवणार?

उलट ८८ इंची एक्स्ट्रा हे कसरतीचं विमान घ्या, कबपेक्षा दीड फूट लहान, वजन सात-आठ किलो. पण तुम्हाला ते प्रॉपवर, म्हणजे नाकावरच्या फिरत्या पंख्यावर, उभं टांगायचंय, तिथून सरळ वर न्यायचंय, म्हणजे प्रॉपची ओढ विमानाच्या वजनापेक्षा बरीच जास्त पाहिजे. तिथे ५० ते ६० सीसीच. थ्रीडीवाल्यांसाठी, म्हणजे असल्या टांगून कसरती करणाऱ्यांसाठी, माझा ढोबळ हिशोब असा की पाच-सहा किलोला ३० ते ३५, सात-आठला ५० ते ६०, अकरा ते तेरा किलोला १०० ते १२०. स्केल विमान किंवा ट्रेनर असेल तर त्याच वजनाला याच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश सीसीत छान भागतं. जाता जाता, आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानाची व्याख्या २५ किलोपर्यंतची आहे, नजरेच्या टप्प्यात उडवायचं या अटीवर, त्यामुळे दोनशे सीसीची स्वप्नं बघणाऱ्यांनी आधी वजनाची बेरीज करावी, आणि बाकी सगळ्यांनीही आपलं मैदान सरकारच्या ड्रोन नकाशावर हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या, पट्ट्यात येतं का तेवढं बघून घ्यावं.

पुण्याकडच्या लोकांसाठी एक. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर बसलोय, हवा इथे पाचेक टक्के विरळ, आणि मे महिन्यात दुपारी अजून पातळ. इंजिनाची ताकद त्याच हिशोबाने कमी होते. त्यामुळे अगदी काठावरचं इंजिन घेऊ नका, पण म्हणून एकदम दुप्पट पण नको, कारण आता नाकाची गोष्ट.

माझं पहिलं मोठं विमान ७८ इंची, खाली पंख असलेलं लाकडी, ३० सीसीसाठी बनवलेलं. मी त्याला ५५ लावलं, का तर मित्र ५५ विकत होता. डीएलई कंपनीचं ३० सीसी साधारण ९०० ग्रॅमचं, डीएलई ५५ जवळपास १४०० ग्रॅमचं, म्हणजे नुसत्या इंजिनाचाच अर्धा किलो फरक, वर मोठा प्रॉप, मोठी टाकी. सीजी, म्हणजे विमानाचा तोल राहतो तो बिंदू, काही केल्या जागेवर येईना. बॅटरी शेपटीकडे सरकवल्या, तरी दीडशे ग्रॅम शिसं मागे चिकटवावं लागलं. सुसाट जायचं हे खरं, पण उतरताना थांबायचं नाही, वेग कमी केला की एक पंख टाकायचं, आणि चौथ्या लँडिंगला अंडरकॅरेज (चाकांचे पाय) वाकून फायरवॉलला, म्हणजे इंजिन जिला बोल्ट करतात त्या नाकातल्या भिंतीला, तडा. सगळं मिळून शहाणपण महागात पडलं.

याच्या बरोब्बर उलटं पहिल्या महायुद्धातल्या विमानांचं. सॉपविथ कॅमलसारखी आखूड नाकाची मॉडेलं असतात त्यांना तुम्ही हलकं, आधुनिक, महागडं इंजिन लावलंत तर नाकात किलोभर शिसं भरायची पाळी येते. तिथे झेनोआ जी-६२ सारखं जुनं जड मॅग्नेटोवालं (ठिणगीची वीज स्वतःच तयार करणारं) इंजिन सोन्यासारखं, कारण शिशाऐवजी वजन इंजिनाचंच होतं आणि इग्निशनची वेगळी बॅटरी पण लागत नाही.

मग मापं घ्या, आणि ही घरी बसून घ्यायची मापं आहेत, पैसे देण्याआधीची. फायरवॉलपासून स्पिनरच्या (प्रॉपच्या मधोमध बसणाऱ्या टोपीच्या) मागच्या चकतीपर्यंत किती अंतर आहे, कौलची (इंजिनावरच्या नाकाच्या झाकणाची) आतली रुंदी किती, मफलर बाजूने निघणार की मागे. कंपनीच्या साइटवर इंजिनाचं मापासकट चित्र असतं, ते खऱ्या आकारात पुठ्ठ्यावर उतरवायचं, कापायचं आणि कौलमध्ये धरून बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे पण या दहा मिनिटांत कळतं की प्लगची टोपी कौलच्या बाहेर येतीय, किंवा कार्ब (कार्ब्युरेटर) फायरवॉलमध्ये घुसतंय, किंवा चोकच्या दांडीला हातच पोचत नाहीये. इंजिनाची लांबी कमी पडली तर अॅल्युमिनियमचे स्टँडऑफ (आधाराचे तुकडे) लावून इंजिन पुढे आणता येतं, पण लांबी जास्त असेल तर फायरवॉल मागे नेण्याशिवाय इलाज नाही, आणि तो उद्योग मी शत्रूलाही सांगणार नाही.

त्याच वेळी प्रॉप बघा. २० सीसीला १६ किंवा १७ इंची, ३० ला १८-१९, ५०-५५ ला २२-२३, १०० ला २६-२७ असा साधारण हिशोब. २२ इंची प्रॉप म्हणजे मधोमधपासून २८ सेंटिमीटर खाली. विमान लेव्हल धरून, शेपटी उचललेली धरून, खाली किमान पाच सेंटिमीटर जागा राहते का? परदेशातल्या व्हिडिओत गालिच्यासारखी धावपट्टी असते, आपल्याकडे माळ असतो, गवताचे झुबके आणि मधूनच एखादा मुरमाचा दगड. जागा नसेल तर मोठं इंजिन घेऊन त्याला छोटा प्रॉप लावू असं कोणी सुचवेल, ऐकू नका, त्यात नुसतं किंचाळतं आणि ओढत काही नाही.

हे सगळं झाल्यावर मग कंपनी. थ्रीडीसाठी पैसे असतील तर अमेरिकेतल्या डेझर्ट एअरक्राफ्टची डीए इंजिनं, कमी पैशात डीएलई, स्केल विमानाला खरा भदभद आवाज हवा असेल तर साईतोची फोर-स्ट्रोक, पण तिथे व्हॉल्व्हचं सेटिंग करत बसायची तयारी पाहिजे. माझं खरं मत विचाराल तर तुमच्या मैदानावर ज्या कंपनीची तीन-चार इंजिनं रोज उडतायत तीच घ्या. रविवारी सकाळी कार्बचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) फाटला तर तो शेजारच्याच्या डब्यात मिळतो की महिनाभर कुरियर आणि कस्टम्सची वाट बघायची, यात सगळा फरक आहे. एक सिलिंडर की दोन, तर १०० सीसीच्या आसपास समोरासमोरचे दोन सिलिंडर घ्या, दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात त्यामुळे थरथर बरीच कमी. ५० पर्यंत एकच बरा, हलका आणि स्वस्त.

आणि हो, गवत कापायच्या मशीनचं इंजिन. शेतीच्या दुकानात ५२ सीसीचं ब्रश कटर बघितलं की प्रत्येकाच्या डोक्यात हा किडा वळवळतो, माझ्याही वळवळला होता. झेनोआ ही मुळात अशीच बागेतली आणि जंगलातली मशीनं बनवणारी कंपनी, त्यामुळे कल्पना वेडी नाहीये. पण फ्लायव्हील, पंखा, वेष्टण सगळं काढलं तरी ते जडच राहतं, ताकद विमानाच्या इंजिनापेक्षा कमी, आणि प्रॉपचा हब (प्रॉप ज्यावर बसतो तो भाग) लेथवर नेमका करून घ्यावा लागतो. तो केसभर जरी हलला तरी प्रॉप कुठे जाईल सांगता येत नाही. लेथवाला मित्र असेल आणि कब टाइप विमान असेल तर हौस करा, नाहीतर राहू द्या.

जुनं घेत असाल तर प्लग लावलेला असताना प्रॉप हळू फिरवा, कॉम्प्रेशनला नीट अडून मग टक्कन पुढे गेलं पाहिजे. हब धरून वर-खाली हलवा, खेळ लागला तर बेअरिंग गेली. माउंटिंगच्या कानांना बारीक तडे आहेत का ते नखाने बघा, तेल पुसून. मफलर काढून आतला पिस्टन टॉर्चने बघा, उभ्या रेघोट्या दिसल्या तर सलाम करून निघा. डायफ्राम कडक झालेला असणारच, वर्षभर पडून होतं म्हणाले की तो नवीन धरूनच भाव करा.

बजेट करताना इंजिनाची किंमत म्हणजे अर्धी गोष्ट. इग्निशनची बॅटरी, किल स्विच (इंजिन बंद करायचा), पेट्रोल चालणारी टाकी आणि नळी (मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनांची सिलिकॉन नळी पेट्रोलमध्ये फुगून सुटते, टायगॉन नावाची नळीच घ्या), दोन प्रॉप कारण एक तुटणारच, स्पिनर, मोठे सर्व्हो. इग्निशन रिसीव्हरपासून (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डबीपासून) फूटभर तरी लांब ठेवा आणि थ्रॉटलची काडी धातूची नको.

आता पेट्रोल, कारण आपल्याकडे हा विषय मोठा झालाय. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इंजिन चालतं त्याच्यावर, पण इथेनॉल पाणी ओढतं, डायफ्राम आणि रबर कडक करतं, आणि टाकीत पेट्रोल ठेवून पावसाळाभर विमान टांगलंत की दसऱ्याला कार्ब उघडावंच लागतं. काही पंपांवर मिळणारं १०० ऑक्टेनवालं महाग पेट्रोल बिनइथेनॉलचं म्हणून लोक घेतात. ऑक्टेनची आपल्या इंजिनाला तशी गरज नाही, इथेनॉल नसण्याची आहे. खात्री घरच्या घरी होते. १०० मिलीचं मापाचं काचेचं भांडं, त्यात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, बाहेर मोकळ्यात, बूच लावून हलवा आणि पाच मिनिटं ठेवून द्या. खालचा थर १० वरच राहिला तर पेट्रोल शुद्ध. तो २८ च्या आसपास चढला तर १८ मिली इथेनॉल पाण्यात उतरलं, म्हणजे २० टक्के. पहिल्यांदा हा थर वर सरकताना बघितला तेव्हा मी तीन वेळा परत करून पाहिलं होतं. काहीही वापरलंत तरी दिवस संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बमध्ये काही उरत नाही.

पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल डीएलईला ३० ला १, म्हणजे लिटरला ३३ मिली. बाकी कंपनीचं मॅन्युअल सांगेल ते, गल्लीतल्या मेकॅनिकचं ऐकून ५० ला १ करू नका.

थंडाव्याचं पण निवडतानाच बघा. कौलमध्ये पुढून हवा शिरते पण ती सोप्या वाटेने निघून जाते, सिलिंडरवरच्या थंडाव्याच्या पातळ पापुद्र्यांमधून (फिन्समधून) जातच नाही. पुठ्ठ्याचा किंवा बाल्साच्या हलक्या लाकडाचा आडोसा करून हवा सिलिंडरवर ढकलावी लागते, आणि बाहेर जायचं भोक आत येणाऱ्याच्या दुप्पट तरी पाहिजे. एवढी भोकं पाडायला कौलमध्ये जागा नसेल तर ते इंजिन त्या विमानाला नाही.

इंजिन आलं की थेट विमानात नको. जाड प्लायच्या स्टँडवर घट्ट बोल्ट करा, दोन्ही नीडल (कार्बमधून पेट्रोल किती जायचं ते ठरवणारे स्क्रू) मॅन्युअलप्रमाणे, बहुतेकदा दीड-दीड फेरा उघडे. चोक बंद, इग्निशन ऑन, जाड हातमोजा, एकदा फटकन बोललं की चोक उघडा आणि परत मारा. कोणीही प्रॉपच्या रेषेत उभं राहायचं नाही, पोरंटोरं तर नाहीच, आणि नीडल फिरवायची ती मागे उभं राहून. पहिले चार-पाच लिटर जरा रिच, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त, ठेवा. मग प्लग काढून बघा: चहाच्या रंगाचा असेल तर उडवा, काळा ओलसर असेल तर हाय नीडल (जास्त वेगासाठीची) अष्टमांश फेरा बंद करा, आणि पांढरा दिसला तर त्या दिवशी विमानाला हात लावू नका, आधी हवा कुठून चोरून शिरतीय ते शोधा, बहुतेकदा कार्बच्या खालच्या गॅस्केटलाच सापडते.