पाळलेला पक्षी अचानक गेला तर

काल संध्याकाळी कोथिंबिरीची काडी ओढणारा बजी (छोटा पाळीव पोपट) सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी निपचित. स्वतःला दोष देऊ नका. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. कारण कळायला हवं असेल तर हातमोजे घालून देह पिशवीत बांधा, फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नको, पेशी फुटतात) आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला शवविच्छेदनाचं विचारा. नॉनस्टिक तवा रिकामा तापला होता का, तेही आठवून सांगा. त्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. दुसरा पक्षी असेल तर त्यालाही तपासून घ्या.

नाशकात अनेकांचे पाय रामकुंडाकडे वळतात, पण देह गोदावरीत सोडू नका. अंगणात हातभर खोल पुरा. मुलांना ‘उडून गेला’ म्हणू नका. त्यांनाही मूठभर माती टाकू द्या.