जुन्या फ्रेंच सायकलचं मॉडेल आणि वय कसं ओळखावं

"सत्तर सालची प्यूजो आहे, रेसची," असं विकणारा सांगतो. त्यातलं 'प्यूजो' हे फ्रेंच कंपनीचं नाव तेवढं खरं धरा, तेही स्टिकर मूळचं असेल तर. पन्नास वर्षांत सायकलला नवा रंग मिळतो, चाकं बदलतात, सीट बदलते. नळ्यांचे व्यास आणि त्यांत पाडलेले आटे मात्र तेच राहतात. म्हणून आधी फ्रेम बघावी, मग सुटे भाग आणि रंग-स्टिकर सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात आणि फसतात.

सोबत व्हर्निअर कॅलिपर, टॉर्च आणि रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं ठेवा. अर्धी माहिती मळाखाली असते.

फ्रेम मोजा

सीटखालच्या उभ्या नळीचा बाहेरचा व्यास मोजा. जुन्या फ्रेंच मापात तो २८ मिमी असतो, तर इंग्लिश मापात २८.६. आडवा दांडा फ्रेंच मापात २६ मिमी आणि इंग्लिश मापात २५.४. रंगाच्या थरामुळे आकडा किंचित वाढतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी मोजून बघा.

आता सीटचा दांडा बाहेर काढा. बऱ्याचदा त्याच्यावरच व्यास कोरलेला असतो, नसेल तर मोजा. माझ्या मते सगळ्या तपासणीत हा आकडा सर्वांत बोलका. बाहेरून नळी तेवढीच जाड दिसते, पण आत जाड दांडा मावत असेल तर नळीची भिंत पातळ, म्हणजे पोलाद हलकं आणि महागाचं. प्यूजोचं नावाजलेलं रेसिंग मॉडेल पीएक्स-१० रेनॉल्ड्स ५३१ या हलक्या पोलादी नळ्यांचं होतं आणि त्यात २६.४ मिमीचा दांडा बसतो. त्याच कंपनीच्या यूओ-८ या स्वस्त, भरपूर खपलेल्या मॉडेलमध्ये दांडा २४ मिमीच्या आसपासचा असतो. पीएक्स-१० म्हणून विकायला आलेल्या सायकलमधून असा बारीक दांडा निघाला, तर पुढची बोलणी यूओ-८ च्या भावानं करा.

'कार्बोलाइट १०३' असं स्टिकर दिसलं तर हुरळून जाऊ नका. नावात कार्बन असला तरी ते पोलादच आहे. ऐंशीच्या दशकातल्या मधल्या दर्जाच्या प्यूजोंवर ते सर्रास दिसतं.

आटे तपासा, पण जोर लावू नका

जुन्या फ्रेंच सायकलचे आटे मेट्रिक असतात: बॉटम ब्रॅकेटचे (पॅडलचा आस फिरतो ती जागा) ३५ × १ मिमी, हेडसेटचे (हँडल फिरतं ते बेअरिंग) २५ × १, पॅडलचे १४ × १.२५. आपल्याकडच्या सायकली ब्रिटिश मापांवर घडलेल्या, त्यामुळे कारीगराचा हात इंग्लिश आट्यांना सरावलेला असतो. इंग्लिश पॅडल फ्रेंच क्रँकमध्ये, म्हणजे पॅडलच्या दांड्यात, दाबून फिरवलं की अ‍ॅल्युमिनियमचे आटे संपले म्हणून समजा. बॉटम ब्रॅकेटचा उजवा कप, म्हणजे बेअरिंगची वाटी, हा दुसरा सापळा. इंग्लिश सायकलमध्ये तो उलट्या आट्यांचा असतो, फ्रेंचमध्ये सरळ. सवयीनं उलटा फिरवाल तर कप सुटण्याऐवजी आणखी घट्ट बसेल. सत्तरच्या दशकातल्या मोतोबेकान या दुसऱ्या फ्रेंच कंपनीच्या बऱ्याच सायकलींमध्ये तर माप फ्रेंचच, पण उजव्या कपाचे आटे उलटे, म्हणजे स्विस पद्धतीचे.

पॅडलच्या टोकावर 'डी' आणि 'जी' कोरलेलं असेल तर ते पॅडल फ्रेंच. डी म्हणजे उजवं, जी म्हणजे डावं.

ऐंशीच्या दशकात फ्रेंच कारखाने इंग्लिश आट्यांकडे वळले. त्यामुळे मेट्रिक आटे दिसले की सायकल बहुधा त्याआधीची. प्यूजोवर इंग्लिश आटे असतील तर ती नंतरची, किंवा कॅनडात परवान्यावर तयार झालेली असू शकते.

साल जवळ आणा

मागच्या चाकाची जागा, म्हणजे चाक बसतं त्या फ्रेमच्या दोन टोकांमधलं अंतर, मोजा. १२० मिमी म्हणजे पाच चकत्यांच्या (दातेरी चक्रांच्या) फ्रीव्हीलचा काळ, साधारण सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंतचा. १२६ मिमी म्हणजे सहा किंवा सात चकत्या, त्यानंतरचा. गिअरच्या दांड्या आणि ब्रेकची केबल पट्ट्यांनी आवळलेली असेल तर सायकल जुनी. त्यांच्यासाठी फ्रेमलाच डाखलेले ठोकळे आणि बाटलीचे स्क्रू असतील, तर साध्या मॉडेलच्या बाबतीत ऐंशीचं दशक धरायला हरकत नाही.

मग भाग बघा. सिम्प्लेक्स कंपनीचा काळ्या प्लास्टिकचा प्रेस्टिज डिरेलर (गिअर बदलणारा भाग) साठच्या दशकाच्या सुरुवातीला आला. त्याला तडा गेलेला नसेल तर नशीब समजा. मायार कंपनीचा हेलिकोमॅटिक हब (चाकाचा मधला भाग) ऐंशीच्या आसपासचा. त्याच्या खास पान्याला बाटली उघडायची सोयही होती, हे फ्रेंचच करू जाणे. शिमानोचा भाग असेल तर मागे दोन इंग्रजी अक्षरं शोधा. पहिलं वर्षाचं, ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, दुसरं महिन्याचं. कँपानोलोच्या रेकॉर्ड डिरेलरवर 'पेटंट' शब्दापुढे सालाचे दोन आकडे असतात.

इथे एक तर्क पक्का ठेवा. सायकल तिच्या सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा जुनी असू शकत नाही. पण तो भाग मूळचा आहे की नंतर बसवलेला, हे एकट्या भागावरून ठरत नाही. तीन-चार भाग एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तरच साल माना.

फ्रेमचा नंबर बॉटम ब्रॅकेटच्या खाली शोधा. बऱ्याच प्यूजोंवर तो रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो. पट्टी गळून पडली असेल तर नुसती भोकं उरतात. सगळ्या फ्रेंच कंपन्यांना लागू पडेल असा नंबरांचा एक नियम नाही, त्यामुळे नंबरावरून काढलेलं साल इतर पुराव्यांशी जुळवूनच घ्या.

फ्रेमवरच्या नावाचाही उपयोग होतो. मोतोबेकान बुडाली, यामाहानं ती घेतली आणि १९८४ पासून ती एमबीके झाली. म्हणजे फ्रान्समध्ये बनलेली मोतोबेकान त्याआधीची. अलीकडे अमेरिकेत हेच नाव लावून विकल्या जाणाऱ्या सायकलींचा त्या कारखान्याशी संबंध नाही. जितान या फ्रेंच कंपनीच्या फ्रेमवर रेनो या मोटार कंपनीची खूण असेल तर सत्तरच्या उत्तरार्धापासून ऐंशीच्या मध्यापर्यंतचा काळ धरा. इनो आणि फिन्यों हे शर्यतपटू तेव्हा रेनोच्याच संघाकडून टूर द फ्रान्स जिंकत होते.

एवढं झाल्यावरच जुने कॅटलॉग उघडा. सायकल कोणत्या देशात विकली गेली ते आधी ठरवा, कारण फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेत एकाच वर्षी एकाच मॉडेलवर वेगळे भाग असत. यूओ-८ अमेरिकेत २७ इंची चाकांवर गेली.

चाकाचं माप खरेदीआधीच बघून ठेवा. ७००सी म्हणजे ६२२ मिमी, टायर कुठेही मिळतो. ६५०बी म्हणजे ५८४ मिमी, आजच्या २७.५ इंची माउंटन बाइकचंच माप. फार जुन्या घरगुती सायकलींवर ७००बी असतं, म्हणजे ६३५ मिमी. युरोपात त्याचा टायर शोधावा लागतो. आपल्याकडे दूधवाल्यांच्या उंच काळ्या सायकलींना लागणारा २८ × १ १/२ चा टायर त्याच मापाचा आहे.