शिवलिंगी की रानतोंडली?

पावसाळा ओसरताना पुण्यातल्या वेताळ टेकडीवर झुडपांवर चढलेली हिरवी वेल दिसली की फळांवरच्या पांढऱ्या रेषा बघून लगेच ‘शिवलिंगी’ म्हणू नका. रानतोंडलीच्या कोवळ्या फळांवरही फिक्या रेषा असतात.

आधी तणावे बघा, म्हणजे आधाराला गुंडाळणारे ते स्प्रिंगसारखे धागे. शिवलिंगीचा तणावा टोकाकडे दोन फाट्यांचा, तोंडलीचा सरळ एकच. फुलं-फळं नसतानाही ही खूण चालते, म्हणून मला तीच सगळ्यात भरवशाची वाटते. शिवलिंगीचं पान हाताच्या पंजासारखं पाच भागांत खोल चिरलेलं, वरून खरखरीत. फुलं बारीक, फिकट पिवळसर; तोंडलीची मोठी, पांढरीशुभ्र. शिवलिंगीची फळं गोटीएवढी, जवळजवळ बिनदेठाची, पानाच्या बेचक्यात घोसाने चिकटलेली. पिकून लाल झाली तरी पांढरे पट्टे तसेच राहतात. तोंडली लांबट, देठाला लोंबणारी, आणि पिकल्यावर रेषा जाऊन एकसारखी लालभडक.

शिवलिंगीचं फळ विषारी मानतात, त्यामुळे चव घेऊन ओळखायच्या भानगडीत अजिबात पडू नका. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. फोटो काढताना तणाव्याचा एक जवळून घ्या. फक्त फळाच्या फोटोवरून नंतर फार घोळ होतो.