चढावर जोर सोडणाऱ्या जुन्या एमजीबीचा दोष कसा शोधावा

एमजीबीसारखी जुनी स्पोर्ट्स कार कोल्हापूर शहरात सुरळीत चालते, उभी असताना आयडलिंगही शांत असते, पण वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ लागला की ओढत नाही, अशी तक्रार असेल तर गॅरेजमध्ये उभ्या गाडीचे कार्बोरेटर पिळत बसण्यात अर्थ नाही. हा दोष भार पडल्यावरच दिसतो आणि तपासावाही तेव्हाच लागतो.

इंजिनचे फेरे वाढूनही वेग वाढत नसेल तर क्लचप्लेट घसरते आहे, आणि एखादे चाक इतरांपेक्षा फार तापत असेल तर ब्रेक धरून राहिला आहे. या दोन्ही शक्यता आधी वगळाव्यात.

मग मोकळ्या चढावर, इंजिन तापलेले असताना, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा आणि जोर कमी होऊ लागताच चोक (मिश्रणातले पेट्रोल वाढवणारी खुंटी) किंचित ओढावा. गाडी सावरली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. आणखी अडखळली तर संशय इग्निशनकडे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या व्यवस्थेकडे, वळवावा. माझ्या मते या एका चाचणीने निम्मे काम होते, आणि तिला खर्च काहीच नाही.

पेट्रोल कमी पडत असल्यास प्रथम टाकीचे झाकण सैल करून पाहावे, कारण हवेची वाट बुजली की टाकीत निर्वात तयार होऊन पुरवठा आटतो. तेवढ्याने फरक पडला नाही तर थंड इंजिनवर, उघड्यावर, कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवून तिचे तोंड भांड्यात धरावे आणि पंप चालू करावा. धार सलग, बुडबुड्यांविना आली पाहिजे. बुडबुडे आले तर पंपाआधीच्या जोडातून हवा शिरते. धार बारीक असेल तर फिल्टर, टाकीतील गंज आणि रबरी नळ्या पाहाव्यात. पेट्रोलमधील इथेनॉल (जे आपल्याच उसापासूनही बनते) जुन्या रबराला मानवत नाही. नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतला थर सुटून वाट अडवतो. नवी नळी इथेनॉल सोसणारीच घ्यावी.

इग्निशनचा दोष भाराखाली उघड होतो याचे कारण असे की, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर सिलिंडरमधील दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते, जे कमजोर कॉइल (व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी) किंवा कंडेन्सर (कॉइलला साथ देणारा छोटा भाग) देऊ शकत नाही. इलेक्ट्रिक टॅकोमीटरचा (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा) काटा झटक्यांबरोबर खाली पडत असेल तर पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडणारा स्विच), कंडेन्सर किंवा कॉइलच्या तारा तपासाव्यात. काटा स्थिर राहून मिसिंग (ठिणगी चुकून इंजिन अडखळणे) होत असेल तर डिस्ट्रिब्यूटरचे (ठिणगी प्लगांना वाटणाऱ्या भागाचे) रोटर, कॅप आणि प्लगच्या वायरी. पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिमी ठेवावी. मिसिंग मुळीच नाही, गाडी नुसतीच मंद आहे, तर टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) लावून फेरे वाढवावेत आणि डिस्ट्रिब्यूटरमधील वजने अडकून ॲडव्हान्स (फेऱ्यांबरोबर ठिणगी लवकर पाडणे) थांबला आहे का ते पाहावे. व्हॅक्यूम ॲडव्हान्सला (इंजिनच्या निर्वातावर चालणाऱ्या ॲडव्हान्सला) अनेक फिटर दोष देतात, पण पूर्ण थ्रॉटलवर तो जवळपास काम करतच नाही.

एवढे करूनही दोष सापडला नाही तरच कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजावे. शेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे कमी आले तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा; एकाच सिलिंडरचा आकडा कमी असेल आणि थोडे ऑइल टाकूनही तो वाढला नाही, तर वाल्व्ह गळतो आहे, आणि हेड उतरवून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या जाणत्या मशीनशॉपकडे द्यावे.